अमेरिकेतला हायस्कूल बँड: मराठी पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी संपत आली की मूल बँडचा एक फॉर्म घेऊन घरी येतं आणि त्यावर लगेच सही हवी असते. सही करण्याआधी हे पान वाचा. नियम राज्यागणिक आणि डिस्ट्रिक्टगणिक (डिस्ट्रिक्ट म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) बदलतात, म्हणून एखाद्या ठिकाणचाच नियम असेल तिथे त्या राज्याचं नाव दिलं आहे.

बँड हा विषय आहे, छंदवर्ग आहे की टीम आहे?

तिन्ही आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. बँड हा वेळापत्रकातला तास आहे. त्याला ग्रेड मिळते, क्रेडिट मिळतं. शाळा सुटल्यावरची रिहर्सल आणि शुक्रवार-शनिवारचे कार्यक्रम हे त्याच तासाचं लांबलेलं अंग असतं, म्हणून एखाद्या कार्यक्रमाला दांडी मारली तर ती ग्रेडमध्ये दिसू शकते. भारतातल्या शाळेत २६ जानेवारीच्या संचलनाला बिगुल आणि ड्रम वाजायचे, महिनाभर तयारी व्हायची आणि ते संपायचं. ती कल्पना मनात असेल तर बाजूला ठेवा. इथे वर्षभराचं काम आहे.

वर्ष कसं जातं?

जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला बँड कॅम्प. तिथपासून नोव्हेंबरपर्यंत मार्चिंग सीझन, म्हणजे मैदानावर चालत वाजवायचे महिने: अमेरिकन फुटबॉलचे सामने, परेड, शनिवारच्या स्पर्धा. नोव्हेंबरच्या मध्याला मैदान संपतं आणि सभागृहात बसून वाजवायचा कॉन्सर्ट सीझन सुरू होतो. मुलं ऑडिशननुसार दोन-तीन गटांत विभागली जातात. विंड एन्सेम्बल हा बहुधा सगळ्यांत वरचा गट, त्याखाली सिम्फॉनिक आणि कॉन्सर्ट बँड. डिसेंबरमध्ये हॉलिडे कॉन्सर्ट, वसंतात मूल्यांकनाचा फेस्टिव्हल, मे महिन्यात शेवटचा कार्यक्रम आणि मेजवानी. जानेवारी ते एप्रिलमध्ये काही मुलं विंटर गार्ड (झेंडे फिरवत नाचणारा गट) किंवा इनडोअर ड्रमलाइन (तालवाद्यांचा गट) करतात. तो वेगळा खर्च आणि वेगळा वेळ आहे, आणि ते ऐच्छिक असतं.

पुढच्या वर्षाचं कॅलेंडर बहुतेक बँड डिरेक्टर मे-जूनमध्ये देतात. भारताची तिकिटं काढायची असतील तर त्यानंतरच काढा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून परतायचं ठरवलं आणि कॅम्प २७ जुलैला सुरू झाला, तर मूल पहिल्याच दिवसापासून मागे पडतं. तिथे पहिल्या चार दिवसांत चालायचं कसं हे शिकवलं जातं आणि ते पुन्हा कोणी सावकाश शिकवत नाही.

आठवड्याला किती तास जातात?

मध्यम आकाराच्या, स्पर्धेत उतरणाऱ्या बँडमध्ये शाळेबाहेर दोन किंवा तीन रिहर्सल, प्रत्येकी दोन ते तीन तास. त्यात शुक्रवारचा सामना आणि महिन्यातले दोन-तीन शनिवार धरा. टेक्ससमध्ये शाळेच्या आठवड्यात तासाबाहेरच्या सरावाला ८ तासांची मर्यादा आहे. आठवडा शुक्रवारचे तास सुटले की संपतो, त्यामुळे शनिवारची रिहर्सल त्या ८ तासांत येत नाही. हे कळल्यावर अनेकांना धक्का बसतो, म्हणून आधीच सांगतो.

शुक्रवारी मूल घरी किती वाजता येतं?

घरचा सामना असेल तर साडेदहा-अकरा, बाहेरगावचा असेल तर मध्यरात्र. साधारण क्रम असा: पाचच्या सुमारास बँड हॉलमध्ये हजेरी, युनिफॉर्म, मैदानावर प्रवेश, पहिल्या दोन क्वार्टरमध्ये स्टँडमध्ये बसून लहान धून वाजवणं, हाफटाइमला शो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बहुतेक बँडना सुट्टी असते. तेव्हा मुलं खातात, आई-बाबांना भेटतात. जेवणाचा डबा द्यायचा असेल तर तीच वेळ. चौथ्या क्वार्टरला पुन्हा स्टँडमध्ये. सामना संपल्यावर वाद्यं ट्रकमध्ये चढवून, युनिफॉर्म लावून मग सुटका. मुलाने ‘निघतोय’ असा मेसेज पाठवला तरी अर्धा तास थांबण्याची तयारी ठेवा.

मार्चिंग एवढं कठीण का मानतात? चालत वाजवायचं, एवढंच ना?

शो सात ते नऊ मिनिटांचा असतो आणि सगळं संगीत पाठ असतं. मैदान १०० यार्ड लांब, ५३ यार्डांहून थोडं अधिक रुंद. मूळ पाऊल ‘एट टू फाइव्ह’ म्हणजे ५ यार्डांत ८ पावलं. एक पाऊल बरोबर साडेबावीस इंचांचं. प्रत्येक मुलाला प्रत्येक आकृतीसाठी आपली जागा दिलेली असते, तिला डॉट म्हणतात. ती अशी लिहिलेली असते: बाजू एक, ४५ यार्ड रेषेच्या आत २ पावलं, पुढच्या हॅशच्या (मैदानावर आखलेल्या खुणांच्या ओळीच्या) मागे ४ पावलं. अशा पन्नास-साठ जागा एका शोमध्ये सहज असतात. एका जागेवरून दुसरीकडे ठरलेल्या मात्रांत पोहोचायचं, छाती प्रेक्षकांकडे ठेवून मागे किंवा आडवं चालायचं, पाऊल टाचेवरून बोटांवर असं लोळवायचं की ओठांवरचं वाद्य हलणार नाही. आणि हे सगळं करताना श्वास पुरवायचा.

म्हणूनच एका मुलाची गैरहजेरी दिसते. ओळीत भोक पडतं, आणि शेजारची मुलं ज्याच्याकडे बघून अंतर राखतात तोच नसतो. डिरेक्टर गैरहजेरीबद्दल कडक असतात त्यामागे हे साधं कारण आहे. मोठे बँड काही मुलांना बदली म्हणून ठेवतात. नववीतलं मूल त्यात गेलं तर वाईट वाटून घेऊ नका. ते सगळं शिकतं आणि बहुधा ऑक्टोबरपर्यंत त्याला जागा मिळतेच.

बँड कॅम्पला काय द्यायचं?

पाण्याचा मोठा जग, किमान अर्ध्या गॅलनचा, म्हणजे जवळपास दोन लिटरचा. टेक्सस, जॉर्जिया किंवा ॲरिझोनात गॅलनचाच द्या. रुंद कडेची टोपी, सनस्क्रीन (दुपारी पुन्हा लावायचं), फिक्या रंगाचे सुती किंवा घाम शोषणारे कपडे, लेस असलेले स्पोर्ट्स शूज. सँडल, क्रॉक्स चालत नाहीत. घोटा मुरगळण्याच्या तक्रारी तिथूनच येतात. पेन्सिल, डॉट लिहायची छोटी वही आणि ती गळ्यात अडकवायला दोरी.

शरीराची तयारी मात्र कॅम्पच्या दोन आठवडे आधी सुरू करावी लागते. एसीत बसलेलं मूल अचानक आठ तास उन्हात गेलं की तिसऱ्या दिवशी आडवं होतं. रोज संध्याकाळी अर्धा तास बाहेर चालायला न्या, हळूहळू वेळ वाढवा. कॅम्पच्या दिवशी सकाळी नुसतं दूध-कॉर्नफ्लेक्स पुरत नाही. पोहे, उपमा, अंडी, पराठा, काहीही चालेल, पण पोटभर आणि मीठ असलेलं. नुसतं पाणी पीत राहिलं आणि घामातून मीठ गेलं तर गोळे येतात, डोकं दुखतं. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत हा घरचा उपाय उत्तम आहे. चक्कर, मळमळ, थंड चिकट त्वचा ही उन्हाचा त्रास वाढल्याची लक्षणं आहेत. मूल गोंधळल्यासारखं बोलू लागलं तर तो आणीबाणीचा प्रसंग आहे. ‘त्रास होतोय हे लगेच सांगायचं, लाजायचं नाही’ असं मुलाला स्पष्ट बजावून पाठवा. आपली मुलं बरेचदा मोठ्यांसमोर गप्प बसतात.

दमा असेल तर इनहेलर वाद्याच्या केसमध्ये न ठेवता मुलाजवळ आणि एक शाळेच्या नर्सकडे. टेक्ससमध्ये मार्चिंगसाठी वैद्यकीय तपासणीचा फॉर्म लागतो. डॉक्टरची अपॉइंटमेंट मे महिन्यातच घ्या, जुलैत मिळत नाही.

मुलाने कधीच वाद्य वाजवलेलं नाही. नववीत उशीर झाला का?

सनई-तुतारीच्या घराण्यातल्या वाद्यांसाठी, म्हणजे क्लॅरिनेट, ट्रम्पेट वगैरेंसाठी, थोडा उशीर झाला आहे, कारण बाकीची मुलं सहावीपासून वाजवत आहेत. पण दारं तीन आहेत. पहिलं कलर गार्ड: झेंडे, लाकडी रायफली, तलवारी फिरवणारा आणि नाचणारा गट. भरतनाट्यम किंवा कथक शिकलेली मुलं तिथे फार लवकर रुळतात, कारण ताल आणि शरीराची रेषा त्यांना आधीच येते. दुसरं फ्रंट एन्सेम्बल, ज्याला पिट म्हणतात: मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेली मरिम्बा, व्हायब्राफोन, सिंथेसायझर. पियानो येत असेल तर इथे सोय होते. तिसरं ड्रमलाइनमधल्या झांजा. स्नेअर ड्रमसाठी मात्र जागा थोड्या आणि चुरस मोठी असते.

मुलगी ओबो वाजवते. ती मैदानावर काय करणार?

ओबो आणि बॅसून ही वाद्यं मैदानावर नेत नाहीत. दुहेरी रीड नाजूक असते आणि पडल्यावर तोंडाला इजा होऊ शकते. ही मुलं शरदात पिटमध्ये, गार्डमध्ये जातात किंवा सॅक्सोफोन घेतात. तसंच फ्रेंच हॉर्नवाल्याला मैदानावर मेलोफोन मिळतो, ट्यूबावाल्याला सूझाफोन. सूझाफोन धातूचा असेल तर दहा-पंधरा किलो खांद्यावर येतात, तेव्हा पाठ सरळ ठेवायचे व्यायाम आधीपासून करवून घ्या.

मूल पेटी किंवा तबला शिकलं आहे. त्याचा उपयोग होतो का?

खूप होतो, पण एक अडचण आधी समजून घ्या. बँडमध्ये वेगवेगळ्या वाद्यांचा ‘सा’ वेगळा असतो. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बी-फ्लॅटची वाद्यं आहेत: कागदावर सी लिहिलेला असतो, मूल सी वाजवतं आणि पेटीवर लावून बघाल तर काळी पाच ऐकू येते. आल्टो सॅक्सोफोनने सी वाजवला की काळी दोन, फ्रेंच हॉर्नने वाजवला की पांढरी चार. फ्लूट, ट्रॉम्बोन मात्र जे लिहिलं तेच वाजवतात. घरी पेटी घेऊन ‘तू चुकीचा सूर लावतोस’ असं क्लॅरिनेटवाल्या मुलाला सांगणारे आजोबा चुकतात ते इथे. बँड सूर मिळवतो तोही बहुधा कॉन्सर्ट बी-फ्लॅटवर, म्हणजे काळी पाचवर.

तबल्याच्या मुलाची लय पक्की असते, तिहाई अंगात असते, त्यामुळे तालवाद्यांत ते चमकतं. काठी धरणं मात्र पूर्ण नवं आहे. बोटांनी बोल काढण्याची सवय असलेल्या हाताला काठी उसळू देणं शिकायला दोन-तीन महिने लागतात. आणि नोटेशन वाचावंच लागतं. कानाने उचलून वाजवणारं मूल पहिलं सेमिस्टर निभावून नेतं आणि वसंतात अडकतं, कारण तेव्हा न पाहिलेली रचना लगेच वाचून वाजवायची असते.

वाद्य विकत घ्यावं की भाड्याने?

पहिल्या वर्षी भाड्याने. ‘रेंट टू ओन’ योजनेत भाड्याचा भाग किमतीत धरला जातो आणि थोडी जास्त रक्कम देऊन दुरुस्ती-विमाही मिळतो, तो घ्या. ट्यूबा, सूझाफोन, बॅरिटोन, मेलोफोन, ड्रम, बॅसून ही मोठी वाद्यं शाळेची असतात. त्यासाठी वार्षिक वापर शुल्क असू शकतं.

ऑनलाइन दीडशे डॉलरांना मिळणारं, निळ्या-जांभळ्या रंगाचं, अनोळखी कंपनीचं वाद्य घेऊ नका. त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, धातू मऊ असतो, वाकलेली किल्ली सरळ करताना तुटते, म्हणून दुरुस्तीवाले ते हातातच घेत नाहीत. त्यापेक्षा यामाहा, जुपिटर, बाख, बुफे अशा ओळखीच्या कंपनीचं वापरलेलं वाद्य दुकानात तपासून घ्या. लाकडी क्लॅरिनेट घेतलं तरी मैदानासाठी प्लास्टिकचंच वापरायचं. ऊन, थंडी आणि पावसाने लाकूड तडकतं.

वाद्य बिघडतं ते कशामुळे?

सर्वांत जास्त वेळा गाडीमुळे. ऑगस्टमध्ये बंद गाडीत ठेवलेल्या वाद्याच्या पॅडचा गोंद सुटतो, लाकूड फाटतं. दुसरं कारण लाळेचा ओलावा. क्लॅरिनेट, फ्लूट, सॅक्सोफोन वाजवून झाल्यावर स्वॅब फिरवायचा, मगच केस बंद. ट्रम्पेटच्या व्हॉल्व्हना दर दोन-तीन दिवसांनी तेल, स्लाइडना ग्रीस. गोड सरबत किंवा च्युइंगगम खाऊन वाजवू नये. साखर पॅडला चिकटते आणि किल्ल्या चटचट आवाज करू लागतात.

ट्रम्पेटचं माउथपीस अडकलं तर पक्कड लावू नका, नळी पिरगळते. त्यासाठी माउथपीस पुलर नावाचं साधन असतं, ते बँड हॉलमध्ये असतंच; दोन मिनिटांचं काम आहे. सुपरग्लूने काहीही चिकटवू नका. क्लॅरिनेटच्या रीड दहाच्या खोक्यात घ्या. हायस्कूलमध्ये बहुधा अडीच ते तीन नंबर लागतो, पण शिक्षकांना विचारून. तीन-चार रीड आलटून पालटून वापरल्या तर सगळ्या जास्त टिकतात. एकच रीड तुटेपर्यंत वापरणारं मूल स्पर्धेच्या सकाळी रडकुंडीला येतं.

एकूण खर्च किती?

बँड फी काही शेकडो डॉलरांपासून हजाराच्या वर जाते. तिच्यात बहुधा प्रशिक्षकांचं मानधन, शोचं संगीत आणि ड्रिल (मैदानावरच्या आकृत्यांचा आराखडा), बस, कॅम्पमधलं काही जेवण येतं. तिच्याबाहेर राहतं ते असं: मार्चिंगचे बूट, हातमोजे, टी-शर्ट, कॉन्सर्टचा काळा पोशाख, रीड-तेल, वाद्याचं भाडं, खासगी शिकवणी, आणि तीन-चार वर्षांतून एकदा मोठा प्रवास. गार्डच्या मुलांना पोशाख आणि मेकअपचा वेगळा खर्च येतो. फॉर्म हातात आला की ‘यात काय नाही?’ हा एकच प्रश्न विचारा.

कॅलिफोर्नियात पब्लिक स्कूलला अशा उपक्रमांसाठी सक्तीची फी घेता येत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तसा निकाल दिला. म्हणून तिथल्या फॉर्मवर ‘डोनेशन’ किंवा ‘फेअर शेअर’ असं लिहिलेलं असतं. पैसे दिले नाहीत म्हणून मुलाला काढता येत नाही. तरीही ज्यांना शक्य आहे त्यांनी द्यावेत, कारण शाळेच्या बजेटमधून बँडच्या खर्चाचा छोटा हिस्साच भागतो. ज्यांना शक्य नाही त्यांनी डिरेक्टरला एक ईमेल करावा. जवळपास प्रत्येक बँडमध्ये मदतीची सोय असते आणि ती गुप्त राहते.

बूस्टर म्हणजे काय? आम्हाला काम करावंच लागेल का?

बूस्टर ही पालकांची ना-नफा संस्था. पाणी पोहोचवणं, युनिफॉर्म मापणं आणि टाचणं, पिटची वाद्यं आणि सजावटीचे पडदे मैदानावर ढकलणं, ट्रक चालवणं, सामन्याला खाद्यपदार्थ विकणं, बसमध्ये सोबत जाणं, सगळं हेच पालक करतात. सक्ती नसते, पण माणसं कमी पडली की शो अडतो. मरिम्बा ढकलणारे सहा पालक आलेच नाहीत तर ती मैदानावर जात नाही, आणि प्रवेशाची वेळ चुकली तर स्पर्धेत गुण कापले जातात.

मुलांबरोबर राहायचं असेल तर पार्श्वभूमी तपासणी लागते, तिला दोन-तीन आठवडे लागू शकतात. ती जूनमध्येच भरून टाका. आणि एक इशारा: ‘तुम्ही जेवढी चॉकलेटं विकाल तेवढी तुमच्या मुलाची फी कमी’ असा हिशेब करमुक्त संस्थेला अडचणीत आणतो. २०१३ मध्ये टॅक्स कोर्टाने याच कारणावरून एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबची करसवलत रद्द केलेली योग्य ठरवली. निधी जमेल तो सगळ्यांसाठी असला पाहिजे.

बँडमुळे जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) खाली येतो असं ऐकलं. खरं का?

अंकगणित खरं आहे. समजा वेटेड पद्धतीत (अवघड विषयाला जास्त गुण) एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयाच्या, ए ग्रेडला ५ आणि साध्या विषयाच्या ए ग्रेडला ४ गुण आहेत. सहा एपी विषयांत ए मिळाला तर सरासरी ५. त्यात बँडचा ४ मिळवला की ३४ भागिले ७, म्हणजे ४.८६. मुलाने काहीही चुकीचं केलेलं नाही, तरी आकडा उतरला. टेक्ससमध्ये याला वजन आहे, कारण तिथल्या सरकारी विद्यापीठांचा थेट प्रवेश वर्गातल्या क्रमांकावर ठरतो.

पण आधी काउन्सेलरला तीन गोष्टी विचारा. क्रमांकासाठी फक्त मुख्य विषय धरतात का? बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये तसंच असतं आणि मग प्रश्नच उरत नाही. वरच्या बँडला ऑनर्सचा दर्जा आहे का? आणि मार्चिंगमुळे पीईचं (शारीरिक शिक्षणाचं) सक्तीचं क्रेडिट सुटतं का? टेक्ससमध्ये सुटतं. पीई सुटलं तर वेळापत्रकातली एक जागा मोकळी होते. हे न विचारता नववीतच बँड सोडायला लावणं ही आपल्या लोकांमध्ये दिसणारी सर्वांत घाईची चूक आहे.

एखाद्या विषयात मार्क घसरले तर?

टेक्ससमध्ये ‘नो पास, नो प्ले’: ग्रेडिंग पिरियडच्या शेवटी कुठल्याही विषयात ७० च्या खाली आलं तर किमान तीन आठवडे स्पर्धा-सामने बंद, रिहर्सलला मात्र जाता येतं. काही एपी विषयांना सूट असते. इतर राज्यांतही अशा अटी आहेत. बँडची मुलं गृहपाठ बसमध्ये आणि मोकळ्या तासात उरकायला शिकतात, पण पहिल्या सप्टेंबरमध्ये नाही. त्या महिन्यात कुमॉनची शिकवणी, शनिवारची मराठी शाळा, पोहणं आणि बँड हे सगळं एकत्र ठेवू नका.

गणपती आणि दिवाळी?

दोन्ही सण मार्चिंग सीझनमध्येच येतात, दरवर्षी. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे स्पर्धांच्या ऐन अखेरीस. डिरेक्टरला या तारखा माहीत असतील असं गृहीत धरू नका, तिथीमुळे तारीख दरवर्षी हलते. कॅलेंडर आलं की जूनमध्येच ईमेल करा: कोणत्या दिवशी मूल येणार नाही, कोणत्या दिवशी उशिरा येईल. तीन महिने आधी सांगितलेली धार्मिक रजा बहुतेक शाळा मान्य करतात. आदल्या रात्री सांगितलेली रजा वेगळ्या नजरेने पाहिली जाते, आणि ते चूकही नाही.

घरची प्रतिष्ठापना सकाळी, मंडळाचा कार्यक्रम रविवारी धरला तर बरंच जमून जातं. नवरात्रीचे उपास करणाऱ्या मुलाला रिहर्सलच्या दिवशी फळं, खिचडी, ताक असं खाऊन पाठवा. निर्जळी उपास आणि उन्हातला मार्चिंगचा सराव एकत्र होऊ देऊ नका.

शाकाहारी मुलाच्या जेवणाचं काय?

फॉर्मवर नुसतं ‘व्हेज’ लिहून भागत नाही. अंडं, जिलेटिन, कांदा-लसूण यांपैकी काय चालत नाही ते लिहा. तरीही चीज पिझ्झा आधी संपतो, म्हणून बसच्या दिवशी दशम्या, पराठे, ठेपले असं बरोबर द्या. शेंगदाण्याची चटणी, चिक्की, दाण्याचे लाडू देऊ नका. बसमधल्या एखाद्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असू शकते.

युनिफॉर्मबद्दल काय लक्षात ठेवायचं?

युनिफॉर्म शाळेचा असतो. आत बँडचा टी-शर्ट, शॉर्ट्स आणि पोटरी झाकणारे लांब काळे मोजे. आखूड मोजे घातले तर चालताना पांढरी पोटरी चमकते आणि ओळीत तेवढंच दिसतं. लांब केस अंबाडा घालून टोपीत, कानातलं-गळ्यातलं काढून. मनगटाचा दोरा गॉन्टलेटखाली (युनिफॉर्मच्या मनगटावरच्या आवरणाखाली) झाकला जातो, पण एकदा विचारून घ्या. घरी धुवायला किंवा इस्त्री करायला घेऊ नका.

दातांना ब्रेसेस लावायच्या आहेत.

ट्रम्पेट किंवा हॉर्न वाजवणाऱ्याला पहिले तीन-चार आठवडे ओठ आतून सोलवटतात आणि वरचे सूर लागत नाहीत. शक्य असेल तर नोव्हेंबरनंतर लावा. ऑर्थोडॉन्टिस्टला वाद्याचं नाव सांगा, मेण बरोबर ठेवा. काढतानाही पुन्हा काही आठवडे ओठ बसवावे लागतात, म्हणून ऑडिशनच्या आदल्या आठवड्यात काढू नका.

कानांना धोका आहे का?

ड्रमलाइनमध्ये आणि तिच्या समोर उभ्या असलेल्या मुलांना आहे. संगीतकारांचे इअरप्लग आवाज समान कमी करतात, त्यामुळे वाजवता येतं. फोमचे घातले तर सगळं बोदं ऐकू येतं आणि मुलं काढून टाकतात.

‘वन’ मिळाला म्हणजे पहिला नंबर?

नाही. मूल्यांकनात १ ते ५ असे दर्जे असतात, १ म्हणजे सुपीरिअर, आणि तो एकाच दिवशी कितीही बँडना मिळू शकतो. तिथे बँड ठरावीक मापदंडासमोर उभा असतो. क्रमांकाच्या स्पर्धा वेगळ्या. त्यात संगीत, दृश्य आणि एकूण परिणाम असे वेगवेगळे परीक्षक असतात. बँड्स ऑफ अमेरिकाची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा नोव्हेंबरमध्ये इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये होते. वसंतातल्या मूल्यांकनात काही राज्यांत साइट-रीडिंगही असतं: कधी न पाहिलेली रचना, काही मिनिटं समजून घ्यायची, मग थेट वाजवायची.

काही तक्रार असेल तर कोणाशी बोलावं?

आधी मुलाने स्वतः सेक्शन लीडरशी (आपल्या वाद्याच्या गटाच्या प्रमुख विद्यार्थ्याशी), मग डिरेक्टरशी. त्यानंतर तुम्ही, ईमेलने वेळ मागून. सामन्याच्या रात्री किंवा निकाल लागल्यावर लगेच नाही. ‘माझ्या मुलाला तिसरी चेअर (गटातला तिसरा क्रमांक) का’ यापेक्षा ‘वर जाण्यासाठी त्याने काय करावं’ असं विचारलंत तर कामाचं उत्तर मिळतं: अमुक स्केल, अमुक वेगाने, मेट्रोनोमवर.

मध्येच सोडता येतं का?

सीझन चालू असताना सोडू देऊ नका. मैदानावर त्याची जागा रिकामी राहते आणि फी बहुधा परत मिळत नाही. नोव्हेंबरनंतर मोकळेपणाने बोला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ‘मला नको’ म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांना पहिल्या सामन्यानंतर ते आठवतही नाही.

कॉलेज प्रवेशाला उपयोग होतो का?

चार वर्षं एकाच कामात टिकून राहणं आणि सेक्शन लीडर किंवा ड्रम मेजर (मैदानावर बँडचं संचालन करणारा विद्यार्थी) म्हणून जबाबदारी घेणं अर्जात दिसतं. बँड डिरेक्टर मुलाला चार वर्षं रोज पाहतो, त्यामुळे त्याचं शिफारसपत्र नेमकं असतं. अनेक विद्यापीठं संगीत हा मुख्य विषय न घेणाऱ्यांनाही मार्चिंग बँडमध्ये घेतात, काही ठिकाणी थोडं मानधनही देतात. मात्र केवळ प्रवेशासाठी बँड करणारं मूल अकरावीत थकतं.

शो बघायला कुठे बसावं?

५० यार्ड रेषेजवळ, जितकं वर जाता येईल तितकं. आकृत्या वरून दिसाव्यात म्हणून रचलेल्या असतात, परीक्षकही तिथेच बसतात. खाली कठड्याला उभं राहून व्हिडिओ काढलात तर स्वतःचं मूल मोठं दिसेल, पण ते कशाचा भाग आहे ते दिसणार नाही. पहिल्या शोला खाली बसा, त्याला शोधा, दुसऱ्यापासून वर. ऑक्टोबरच्या रात्री ॲल्युमिनियमचे बाक गार पडतात, तेव्हा बसायला जाड गोधडी घ्या. दुसऱ्या शाळेचा बँड मैदानावर असताना उठून जाऊ नका. त्यांची मुलंही ऑगस्टपासून उन्हात उभी होती.